पाणी शिरलेल्या घराची व्यावसायिक सुकवणी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

पाण्याच्या नुकसानीनंतर साफसफाई आणि दुरुस्ती करून देणाऱ्या सेवेबद्दल काम संपल्या संपल्या लिहिण्यात फारसा अर्थ नसतो. त्या दिवशी जमीन कोरडी दिसते, यंत्रांची घरघर थांबलेली असते आणि सुटलो एकदाचे म्हणून आपण कुणालाही पाच तारे द्यायला तयार असतो. काम कसं झालं ते कळतं पुढे, ऋतू बदलला की. दारं चौकटीत नीट बसतात का, रंगाला पोपडे येतात का, कपाट उघडल्यावर कुबट वास येतो का, यावरून. म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

आमचं राहतं घर वर आणि ऑफिस खाली. वरच्या बाथरूमकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या लाइनचा जोड भिंतीच्या आत रात्री निखळला. पाणी लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली पसरलं आणि तिथून ऑफिसच्या फॉल्स सीलिंगमधून खाली उतरलं. खालच्या लॅमिनेटवर तळं, जिप्समच्या पार्टिशन ओल्या, फायलींची सगळ्यात खालची रांग भिजलेली.

सुकवणी करून देणाऱ्या कंपनीला फोन केला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा दोनच गोष्टी विचारल्या: मेन स्विच बंद केलाय का, आणि पाणी कुठलं आहे? दुसरा प्रश्न तेव्हा विचित्र वाटला, पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. आयआयसीआरसी या अमेरिकी संस्थेचं एस५०० नावाचं मानक या धंद्यात प्रमाण मानलं जातं. त्यात पाण्याचे तीन प्रकार केलेले आहेत. पहिला नळाच्या लाइनचं स्वच्छ पाणी, दुसरा वॉशिंग मशिनमधून येतं तसं वापरलेलं, थोडंफार दूषित पाणी, आणि तिसरा मैला किंवा पुराचं पाणी. तिसऱ्या प्रकारात गाद्या, कार्पेट, जिप्सम असल्या शोषून घेणाऱ्या वस्तू सुकवत बसत नाहीत, सरळ फेकतात. आमचं पाणी पहिल्या प्रकारातलं. मात्र स्वच्छ पाणीही साचून राहिलं, छतातली धूळमाती घेऊन उतरलं, की खालच्या प्रकारात घसरतं. त्यामुळे “नळाचंच तर आहे, बघू उद्या” हा हिशेब चालत नाही.

पाणी उपसणं हा सगळ्यात दिसणारा आणि सगळ्यात सोपा भाग. पंप आणि मोठे व्हॅक्यूम लावून ते काम लवकर उरकलं. इतकं घरची माणसंही बादल्या आणि फडकी घेऊन बरंचसं करू शकतात. आपण पैसे मोजतो ते त्यानंतरच्या कामाचे: भिंतीत, फळ्यांखाली, प्लायवूडच्या मागे मुरलेलं पाणी शोधायचं आणि ते खरंच बाहेर पडलं हे आकड्यांनी दाखवायचं. माझ्या मते अशी सेवा निवडताना यंत्रं किती मोठी आहेत यापेक्षा मोजणी कशी करतात हे बघावं.

आमच्याकडे आलेल्या टेक्निशियनने आधी थर्मल कॅमेरा फिरवला. पडद्यावर निळे डाग दिसले की आपल्याला वाटतं, झालं, सापडली ओल. तो म्हणाला, “मॅडम, हे भिंतीचं तापमान आहे. ओल आहे की नाही ते मीटर सांगेल.” ओला भाग बाष्पीभवनाने थंड पडतो म्हणून निळा दिसतो, पण बाहेरच्या गार हवेमुळे थंड पडलेली कोरडी भिंतही तशीच दिसते. मग प्रत्येक संशयाच्या जागी त्याने मॉइश्चर मीटर लावला. दोन सुया आत टोचून वाचणारा एक, नुसता पृष्ठभागावर टेकवायचा दुसरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी न लागलेल्या खोलीतली भिंत आणि लाकूड त्याने आधी मोजून ठेवलं. ओल्या भागाचे आकडे त्याच्या जवळपास आले की सुकवणी संपली. हाताला कोरडं लागतं हा निकष त्याने एकदाही वापरला नाही.

त्यानंतरचे दिवस मात्र त्रासाचे. जमिनीलगत हवा फेकणारे ब्लोअर भिंतींकडे तिरके लावलेले, मधे हवेतली ओल ओढून घेणारा डिह्युमिडिफायर, आणि सगळं रात्रंदिवस चालू. ओल्या पृष्ठभागाला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो. ब्लोअर तो उडवून लावतो, म्हणजे आतलं पाणी भराभर बाहेर येतं. पण ते पाणी आता खोलीच्या हवेत आलं. डिह्युमिडिफायरने ते ओढून घेतलं नाही तर तीच वाफ जाऊन कोरड्या कपाटात, पुस्तकांत, पडद्यांत बसते. नुसते पंखे लावून “सुकवून देतो” म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं, ते यासाठी.

खिडक्यांवरून घरात वादच झाला. येणारा-जाणारा प्रत्येक जण खिडक्या उघडा, वारं खेळू द्या म्हणून सांगत होता आणि टेक्निशियन त्या बंद ठेवायला लावत होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तर उघड्या खिडक्या उपयोगाच्या. बाहेर दमट असेल तर आपण डिह्युमिडिफायरला बाहेरची सगळी हवा सुकवायला लावतो. तो रोज आत-बाहेरचं तापमान आणि आर्द्रता मोजूनच ठरवायचा. आवाज आणि उकाडा याबद्दल त्यांनी आधी नीट बजावायला हवं होतं. डिह्युमिडिफायर चालताना उष्णता बाहेर टाकतो, शिवाय ब्लोअरच्या मोटारी, त्यामुळे बंद खोल्या तापतात. झोपायला दुसरीकडे जावं लागलं. विजेचं बिल आमच्या नावावर, हेही आधी कुणी बोललं नाही.

फेकावं लागलं ते असं. लॅमिनेट सगळं गेलं. त्याच्या आत दाबलेल्या तंतूंचा गाभा असतो, तो एकदा फुगला की सुकल्यावरही बसत नाही. जिप्समचे बोर्ड दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात, म्हणून जमिनीवर बोटभर पाणी असूनही पार्टिशन बऱ्याच वरपर्यंत ओल्या निघाल्या. खालचा पट्टा सरळ कापून काढला. विटांच्या भिंतींची स्कर्टिंग काढून ठेवली.

वरची अस्सल लाकडाची जमीन मात्र वाचली, आणि या सेवेला मी सगळ्यात जास्त गुण त्यासाठी देईन. फळ्या कडांना उचलल्या होत्या आणि मधे खोलगट झाल्या होत्या. खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली असली की असंच होतं. पॉलिशवाला लगेच घासून सपाट करायला तयार होता. टेक्निशियनने अडवलं. फुगलेल्या कडा आत्ता घासून काढल्या तर लाकूड पूर्ण सुकल्यावर कडा खाली जातात आणि मधला भाग उंचवटा होऊन राहतो, मग त्यावर इलाज म्हणजे पुन्हा घासणं, आणि फळीची जाडी काही परत येत नाही. आम्ही थांबलो. हळूहळू फळ्या आपोआप बसत गेल्या. आज बाथरूमच्या दाराजवळच्या एक-दोन सोडल्या तर पायाला काही कळत नाही.

बुरशीबद्दल बाजारात फार भीती विकली जाते. ओल्या जागी २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते हे खरं, आणि म्हणूनच घाई करायची. पण त्याच वेळी दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन फक्त धुराळणी करून “बुरशीची गॅरंटी” देत होता. भिंत ओली ठेवून वर औषध फवारणं याला उपचार म्हणत नाहीत. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए ब्लीच किंवा जंतुनाशकाचा सरसकट वापर करू नका असंच सांगते. मेलेली बुरशीही काहींना ॲलर्जी देते, त्यामुळे ती नुसती मारून भागत नाही, काढावी लागते, आणि ओल थांबली नाही तर पुन्हा येते. आमच्याकडे सीलिंगच्या प्लायवर काळे ठिपके दिसू लागले होते. ते तुकडे त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर नेले आणि जागा हेपा व्हॅक्यूमने साफ केली. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो. साधा व्हॅक्यूम फिरवला असता तर बीजाणू घरभर उडाले असते.

व्यवसाय असणाऱ्यांनी कागदपत्रांकडे आधी बघावं, फर्निचर नंतर. ओल्या फायली उघडून पानं सुटी करायच्या भानगडीत न पडता त्यांनी त्या तशाच पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं. गोठवल्याने कागद सुकत नाही, पण बुरशी थांबते आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे ठरवायला वेळ मिळतो. पुढे महत्त्वाच्या फायली फ्रीझ-ड्राइंगला गेल्या. त्यात निर्वात कक्षात बर्फाची थेट वाफ होते, मधे पाणी होतच नाही, त्यामुळे शाई आणखी पसरत नाही. परत आलेली पानं थोडी लाटालाटांची आहेत, पण वाचता येतात. बॉलपेनने लिहिलेलं टिकलं. पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या सह्या मात्र गोठवायच्या आधीच फिसकटल्या होत्या. हे काम खर्चिक असतं, म्हणून कायदेशीर गरजेच्या फायलीच पाठवल्या.

आता तक्रार. सुकवणी करणारी टीम आणि नंतर रंग-सुतारकाम करणारी टीम एकाच कंपनीच्या नावाखाली आली, पण ती माणसं वेगळी, कंत्राटावरची. पहिल्यांची शिस्त दुसऱ्यांत नव्हती. ऑफिसात भिंतीला जडवलेलं एक मोठं कपाट आहे. त्याच्या मागची विटांची भिंत कुणी मोजलीच नव्हती आणि बाजूच्या भिंतींबरोबर तिच्या उघड्या भागावरही रंग फासून मोकळे झाले. काही महिन्यांनी तिथे रंगाचे फुगे आले आणि त्याखाली पांढरी भुकटी. विटा-प्लास्टरमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी पृष्ठभागाशी येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. जिप्सम आणि विटांची भिंत एकाच वेगाने सुकत नाही, जाड प्लास्टर फार वेळ घेतं, आणि वर हवा न जाऊ देणारा रंग बसला की आतली ओल कोंडते.

कंपनीचं पहिलं उत्तर, “ही जुनी ओल असणार.” तेव्हा त्यांच्याच टेक्निशियनने रोज भरलेला तक्ता कामी आला. प्रत्येक भिंतीपुढे तारखेनुसार आकडे होते आणि या भिंतीपुढे एकही नव्हता. बऱ्याच फोनाफोनीनंतर माणसं आली, कपाट हलवलं, भिंत खरवडली, पुन्हा यंत्रं लावली, आकडे उतरेपर्यंत थांबून मगच रंग दिला. वेगळे पैसे घेतले नाहीत. तरीही पुन्हा अशी वेळ आली तर सुकवणीसाठी यांनाच बोलावेन, रंग आणि सुतारकाम मात्र दुसऱ्यांना देईन.

विम्याबद्दल थोडं. “क्लेम होऊन जाईल, सही करा” असं ही मंडळी सहज म्हणतात, पण ते ठरवणं त्यांच्या हातात नसतं. बऱ्याच पॉलिसींत अचानक फुटलेल्या पाइपचं नुकसान धरतात आणि दीर्घकाळच्या झिरपणीचं नाही, त्यामुळे निखळलेला जोड फेकायचा नाही, जपून ठेवायचा. काहीही कापायच्या आधी फोटो हवेत. कामाच्या परवानगीच्या कागदावर कुठल्या खोल्या, कुठली यंत्रं, रोजची मोजणी आणि शेवटचे आकडे कुणी तपासून सही करायची हे लिहून घ्यावं. विजेच्या जादा बिलावर आम्ही पाणीच सोडलं होतं. पण त्याच तक्त्यात कुठलं यंत्र किती तास चाललं याची नोंद होती. ती जोडून मागणी केली आणि विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरने विजेची जादा युनिटंही धरली.