फोर्टच्या फुटपाथवर फारसे माहीत नसलेले सुपरहिरो

हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे जाताना जुन्या पुस्तकांचे जे ढीग लागतात, ते बॅटमॅन-स्पायडरमॅनसाठी उपसू नका. त्यांच्या कॉमिक्सचे अंक लगेच विकले जातात, उरले तर भाव चढा. इथे मजा आहे ती दुय्यम पात्रांची. अशा पात्रावर सिनेमा आला की गिऱ्हाईक मुखपृष्ठावरचं नाव बघून अंक उचलतं आणि तिथेच फसतं.

'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चंच घ्या. 2014च्या सिनेमातली टोळी जमली ती 2008च्या कॉमिक मालिकेत. त्याच नावाची 1990ची मालिका हाती आली तर तिच्यात 31व्या शतकातले चार्ली-27, मार्टिनेक्स वगैरे मंडळी भेटतील. योंडू सिनेमामुळे ओळखीचा वाटेल, पण सिनेमातल्याच रॉकेट आणि ग्रूटच्या आशेने पैसे मोजले असतील तर चिडचिड होणार. 'ब्लू बीटल'चा घोळ याहून मोठा. 2023च्या सिनेमातला नायक हायमे रेयेस कॉमिक्समध्ये 2006मध्ये आला. 1986च्या मालिकेतला बीटल म्हणजे टेड कॉर्ड, वेगळाच माणूस. (वाचायला तोही झकास आहे.) म्हणून आधी साल बघा. ते बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक टायपात असतं.

मालाची अवस्था बेभरवशाची. अंक बरोबर मध्यावर उघडा. पिना गंजल्या असतील तर मधलं जोडपान सुटतं, म्हणजे चार पानं गायब, आणि नेमकी मारामारी तिथेच असते. कडेला कुरतडल्यासारखं दिसलं तर कसर लागलेली आहे. असा अंक घरातल्या बाकीच्यांत मिसळू नका. कुबट वास आला तर सरळ परत ठेवा. नुसता पिवळेपणा चालेल, जुना न्यूजप्रिंट पिवळा पडणारच.

विक्रेते बोलायला मोकळे, घासाघीस चालते. तीन-चार अंक एकत्र घेतले तर भाव पटकन उतरतो. मात्र सलग सहा अंकांची कथा एका ठिकाणी मिळणं जवळजवळ अशक्य. पूर्ण गोष्ट वाचायची असेल तर नवा संग्रहित खंड घ्या, तुटक अंकांच्या बेरजेपेक्षा तो स्वस्त पडू शकतो. जूनपासून ढिगांवर ताडपत्री असते आणि खालचा थर ओलसर निघतो, तेव्हा पावसाळ्यात वरचेच अंक चाळा.