सांगलीतलं एक शुश्रूषा-पुनर्वसन केंद्र: व्यायाम उत्तम, रात्रपाळी कच्ची

खुब्याचं हाड बसवून पाच-सहा दिवसांत डिस्चार्ज मिळतो. अंगावरून वारं गेलेला पेशंटही दहा-बारा दिवसांत घरी पाठवला जातो. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी शेजारच्या मिरजेत रुग्णालय काढलं, तेव्हापासून ऑपरेशनसाठी कर्नाटकातूनसुद्धा लोक इकडे येतात. ऑपरेशनची सोय इथे मुबलक आहे. त्यानंतरचे दोन-तीन महिने पेशंटला कुठे ठेवायचं, हा प्रश्न मात्र घरच्यांवर पडतो. सांगलीतलं हे केंद्र त्या दोन-तीन महिन्यांसाठी आहे. सकाळी, दुपारी, रविवारी आणि रात्री दहानंतर अशा वेगवेगळ्या वेळी पाहून हे लिहिलं आहे. केंद्राचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण इथे दिसलेले दोष अशा बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने सापडतात.

पाहणीच्या वेळी २२ पेशंट होते. त्यांतले नऊ पूर्ण अंथरुणाला खिळलेले, पाच जणांना नाकातून नळी. शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही. त्याची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे नुसती फ्रेम न बघता तारीख वाचावी. २०२१ च्या नियमांनुसार लावायचे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही शेजारी आहे.

आधी चांगलं सांगतो. व्यायामाचा हॉल खरोखर चांगला चालतो. दोन फिजिओथेरपिस्ट आहेत. प्रत्येक चालत्या पेशंटला सकाळी आणि दुपारी ४०-४५ मिनिटं मिळतात आणि ती मिनिटं कामाची असतात. पेशंटला सायकलवर बसवून दुसरीकडे निघून जाण्याचा प्रकार नाही. भरती होताना बार्थेल गुणांकन लिहिलं जातं: खाणं, आंघोळ, संडास, खुर्चीत बसणं, चालणं, जिना अशा दहा कामांचे मिळून शंभर गुण. दर पंधरवड्याला ते पुन्हा करतात आणि आकडा घरच्यांना दाखवतात. ‘सुधारणा आहे’ असं तोंडी ऐकण्यापेक्षा ३५ चे ५५ झाले हे कागदावर दिसणं केव्हाही चांगलं. चालणाऱ्यांची खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसण्याची चाचणी घेतात. तिला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पेशंट पडण्याचा धोका आहे असं धरून त्याला एकट्याने संडासला सोडत नाहीत.

बारीकसारीक गोष्टींतही हात बसलेला आहे. वॉकरची उंची मनगटाच्या सुरकुतीशी जुळवलेली असते, त्यामुळे कोपर किंचित वाकतो आणि खांदे वर चढत नाहीत. वॉकरच्या पायांची रबरं झिजलेली आढळली नाहीत. जिना शिकवताना चढायला आधी चांगला पाय, उतरायला आधी दुखरा, हे पेशंटकडून बोलून घेतात. गावाकडच्या घरात उंबरठा असतो, म्हणून हॉलमध्ये लाकडी उंबरठा ठेवून तो ओलांडायला लावतात. हे आम्हाला फार आवडलं. खुब्यात अर्धा सांधा बसवलेल्यांना मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं मना आहे, हे भिंतीवर चित्रांनी लावलंय आणि कमोडवर चार इंच उंचीची सीट आहे. आत रॉड टाकलेल्या पेशंटला सांधा निसटण्याची ती भीती नसते. त्याच्या बाबतीत पायावर किती भार द्यायचा एवढंच सर्जनकडून लिहून घ्यावं लागतं. इथले फिजिओ डिस्चार्ज कार्ड वाचून हा फरक करतात. हे सगळीकडे होत नाही.

पण हॉलमधले दीड तास संपले की पेशंट पुढचे साडेबावीस तास मावशी-मामांच्या, म्हणजे मदतनिसांच्या हाती असतो, आणि हॉलमधलं शहाणपण खाटेपर्यंत पोहोचत नाही. वाऱ्याच्या पेशंटचा लुळा खांदा जपायचा म्हणून फिजिओ हाताखाली उशी ठेवून देतात. अर्ध्या तासाने त्याला बसतं करताना मामा त्याच दंडाला धरून ओढतात. लुळ्या बाजूच्या स्नायूंचा आधार गेलेला असतो, त्यामुळे अशा ओढण्याने सांधा खाली सरकतो, मग खांदा दुखतो आणि हाताच्या व्यायामाला पेशंट तयारच होत नाही. कंबरेला पट्टा बांधून किंवा पाठीमागून खांद्याच्या पात्याला आधार देऊन उठवायचं, एवढंच शिकवायचं आहे. लघवीच्या पिशवीचंही तसंच. खाटेला ती मूत्राशयाच्या खाली, जमिनीला न टेकता व्यवस्थित लटकवलेली असते. हॉलमध्ये नेताना मात्र ती पेशंटच्या मांडीवर ठेवतात आणि पिशवीतली जुनी लघवी नळीतून परत आत जाते. महिन्याभरात ताप का आला याचं उत्तर कित्येकदा इतकं साधं असतं.

रात्रपाळी हा या केंद्राचा सर्वांत मोठा दोष आहे. दिवसा दोन सिस्टर आणि पाच मदतनीस असतात. रात्री एक सिस्टर आणि दोन मदतनीस. आता हिशेब करू. बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने होणारी जखम, होऊ नये म्हणून खिळलेल्या नऊ जणांची कूस दर दोन तासांनी बदलायची. नीट बदलायला दोन माणसं लागतात; ओलं डायपर, चादरीची सुरकुती, उशा धरून आठ मिनिटं तरी जातात. म्हणजे एका फेरीला ७२ मिनिटं. दर दोन तासांतले सव्वा तास दोघंही मदतनीस यातच अडकले, तर उरलेल्या तेरा जणांना संडासला कोण नेणार? तेव्हा कूस बदलणं मागे पडतं. मदतनीस आळशी आहेत असं आम्ही म्हणत नाही. माणसंच कमी आहेत.

तक्ता मात्र भरलेला आहे. खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर १०, १२, २, ४, ६ अशा सगळ्या खणांत बरोबरच्या खुणा होत्या, एकाच पेनने, एकाच तिरकसपणाने. नऊ माणसांची कूस एकाच ठोक्याला बदलत नसते. खऱ्या तक्त्यात वेळा विस्कळीत असतात, १२.१०, २.२५, ३.५०, आणि शेजारी डावी, उजवी की पाठ हे लिहिलेलं असतं. नुसत्या खुणांचा तक्ता निरुपयोगी आहे. चांगल्या फोमच्या गादीवर काहींना तीन-चार तासांचं अंतर चालतं, पण ते कातडी बघून ठरवायचं. माणसं कमी आहेत म्हणून नाही.

हवेच्या गाद्या सहा आहेत, त्याचा बराच गवगवा केला जातो. त्यांतल्या चार पंपांचं बटण सर्वांत कडक बाजूला फिरवलेलं होतं. बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. तपासायची रीत सोपी आहे: पेशंट झोपलेला असताना त्याच्या बैठकीच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवावा. हात आणि हाड यांच्यामध्ये इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी मऊ, गादी फळीसारखी ताठ लागली तर कडक. शिवाय दोन गाद्यांवर मेणकापड, घडी घातलेली दुलई आणि ड्रॉशीट (कमरेखाली घालायची आडवी चादर) असे तीन थर होते. एवढ्या थरांतून हवेचा चढउतार कातडीपर्यंत येतच नाही. गादी चांगली असली तरी कूस बदलणं सुटत नाही.

टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायची जुनी पद्धत इथे अजून आहे. ती सोडावी. पोटरीखाली लांब उशी घालून टाच पूर्ण अधांतरी राहिली पाहिजे. कुशीवर वळवताना सरळ ९० अंशांत न वळवता पाठीला उशी लावून तीस अंशांपर्यंतच कलतं ठेवायचं, नाहीतर सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो. घरच्यांनी भेटीला गेल्यावर माकडहाड, टाचा, खुबे आणि डोक्याची मागची बाजू स्वतः पाहावी. लाल डागावर बोट तीन सेकंद दाबून सोडल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर अजून वेळ आहे. पांढरा पडलाच नाही, तर बेडसोर सुरू झालाय. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे शेजारच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा गडद लागतं का ते बघायचं. पाहणीत असे डाग तिघांना होते, आणि नोंद एकाचीच.

नाकातल्या नळीचं जेवण. इथे २०० मिली पातळ अन्न मोठ्या सिरिंजने दट्ट्या दाबून दोन-तीन मिनिटांत आत ढकलतात. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरून ते आपोआप उतरू द्यावं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई केली की पोट फुगतं, अन्न वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. डोकं ३० ते ४५ अंश उंच, देताना आणि नंतर किमान अर्धा तास, हे मात्र सगळ्या पाचही जणांना पाळलेलं दिसलं, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. नळी जागेवर आहे का हे हवा सोडून स्टेथोस्कोपने ऐकून ठरवतात. तो आवाज नळी फुप्फुसात असली तरी येऊ शकतो. पोटातला थोडा द्रव ओढून पीएच कागदावर (आम्लता मोजणाऱ्या पट्टीवर) ५.५ किंवा त्याखाली आहे ना, हे पाहणं भरवशाचं. त्याशिवाय नाकपुडीजवळ नळीवर पेनाची खूण करून ती रोज तपासली पाहिजे. ती खूण एकाच नळीवर होती. जेवणानंतर ३० मिली पाण्याने नळी धुतात, छान. गोळ्या मात्र सरसकट कुटून देतात. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा सीआर असलेली गोळी हळूहळू विरघळण्यासाठी केलेली असते. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

तोंडाने खाणाऱ्या वाऱ्याच्या पेशंटांचं काय? चमच्याने मऊ खिचडी नीट भरवतात, आणि शेवटी घास उतरावा म्हणून पाणी पाजतात. गिळण्याचा त्रास असणाऱ्याला सर्वांत धोक्याचं तेच: पाणी, पातळ चहा, ताक. त्यानंतर आमटी-भात, कारण त्यात पातळ आणि घट्ट दोन्ही एकत्र असतं. नाचणीची घट्टसर आंबील किंवा घट्ट दही सोपं जातं. भरवल्यावर आवाज ओलसर, घोगरा झाला तर थांबायचं आणि गिळण्याची तपासणी करून घ्यायची. जेवणाची चव चांगली आहे, भाकरी ताजी असते. पण जखम भरायला प्रथिनं लागतात. साठ किलोच्या बेडसोरच्या पेशंटला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम. इथल्या वरण-भात, चपाती, एक कप दूध या ताटातून निम्मीही निघत नाहीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात. दोन अंडी किंवा पनीर, शिवाय दही रोज वाढवून मागावं.

औषधांची ट्रॉली सकाळी साडेआठला, नाश्त्यानंतर, एकदाच फिरते. वेगवेगळ्या डब्या, नावं, सही, सगळं टापटीप. पण थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि पार्किन्सनची लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा तास द्यायची असते. दह्या-दुधासोबत दिलेली लेव्होडोपा कमी लागू होते, पेशंट ताठरतो, आणि मग ‘आज त्यांनी व्यायामच केला नाही’ असा शेरा पडतो. इन्सुलिनच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहिलेली आहे, २८ दिवसांनी फेकतात. इथे तक्रारीला जागा नाही.

सांगलीत आणखी एक चौकशी करावीच लागते: पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. हे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, खाट जाईल असा उतार आहे आणि जनरेटर छतावर आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर हाताशी हवा. दीड घनमीटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साधारण बारा तास पुरतो. इथे असे चार आहेत. पूर आल्यास पेशंट कुठे हलवायचे याचा लेखी आराखडा मात्र मागूनही दाखवला गेला नाही. पावसाळ्यात भरती करताना तो मागा.

बिलात खोली, जेवण, शुश्रूषा आणि व्यायाम धरलेला आहे. डायपर, औषधं, ड्रेसिंगचं सामान आणि बाहेरून बोलावलेला डॉक्टर वेगळे. दिवसाला चार धरले तरी महिन्याला १२० डायपर होतात, ते बाहेरून घाऊक आणून दिलेले चालतात का हे आधी विचारा. आरोग्य विम्यात निव्वळ शुश्रूषा आणि पुनर्वसन बहुधा वगळलेलं असतं, तेव्हा हा खर्च खिशातूनच जाईल असं धरून चला.

खुब्याचं ऑपरेशन झालेले, शुद्धीवर असलेले, हाताने जेवणारे पेशंट इथे निर्धास्त ठेवावेत. दीड महिन्यात वॉकरवरून काठीवर येण्यासाठी हे चांगलं ठिकाण आहे. वाऱ्याचा पेशंट ठेवायचा तर रोज एक जण भेटीला जाऊ शकेल आणि मदतनिसांसमोर फिजिओकडून उचलण्याची पद्धत दाखवून घेईल, तरच. नळीवरचा, खिळलेला पेशंट सध्याच्या रात्रपाळीत इथे ठेवू नये. व्यवस्थापनाने रात्रीसाठी आणखी दोन मदतनीस घेण्याची तयारी दाखवली आहे. ते आले का, हे बघायला जाणाऱ्याने दुपारी चारच्या ठरलेल्या भेटीच्या वेळी जाऊ नये. पहाटे साडेपाचला जावं, आणि आधी तक्ता न बघता चादरीखाली हात घालून ओल बघावी.