वनस्पतीजन्य दुधाचे खोके: कुणी कोणता घ्यावा

दुकानात एकाच फळीवर सोया, ओट्स, बदाम, नारळ, तांदूळ आणि वाटाणा अशी सहा तऱ्हेची 'दुधं' शेजारी शेजारी मांडलेली असतात. खोके सारखे, रंग सारखा, म्हणून आतला मालही साधारण सारखाच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात 100 मिलीमागे प्रथिनं एकात 3 ग्रॅमच्या वर असतात, तर दुसऱ्यात पाव ग्रॅमही नसतात. त्यामुळे सरसकट 'चांगलं' किंवा 'वाईट' म्हणण्यात अर्थ नाही. आधी घेणारा कोणत्या प्रकारचा शाकाहारी आहे ते बघायला हवं.

दूध आणि अंडी दोन्ही घेणाऱ्यांना किंवा नुसतं दूध घेणाऱ्यांना हा सगळा चवीचा मामला आहे. जे आवडेल ते घ्यावं. अंडी खाणारे पण दूध वर्ज्य करणारे थोडे वेगळे: प्रथिनांची त्यांना फारशी चिंता नाही, थोडंफार बी-12ही मिळतं, पण एका अंड्यात कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलिग्रॅम. त्यांनी खोक्यात कॅल्शियम घातलेलं आहे की नाही एवढं तरी बघावंच. आणि प्राण्यापासून आलेलं काहीच न घेणाऱ्या व्हीगन मंडळींनी मात्र मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय खोका टोपलीत टाकू नये.

त्यांच्यासाठी पहिला नंबर सोयाचा, आणि दुसरा त्याच्या बराच मागे. 100 मिलीत 3 ते 3.5 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास, आणि तीही सगळी आवश्यक अमिनो आम्लं असलेली. वाटाण्याचं दूध प्रथिनांत याच्या तोडीचं असतं, पण मागे मातकट चव रेंगाळते आणि ती झाकायला साखर किंवा व्हॅनिला घातलेला असतो. सोयाला हिरवट, कडधान्यासारखा वास असतो ही तक्रार खरी आहे; गरम केल्यावर तो आणखी जाणवतो. विरजण मात्र फक्त यालाच नीट लागतं. 1 लिटर बिनसाखरेचं सोया दूध 42 अंशांपर्यंत कोमट करावं, त्यात व्हीगन दह्याचे 2 मोठे चमचे घालून 7-8 तास न हलवता ठेवावं, की घट्ट दही लागतं. ओट्सच्या किंवा बदामाच्या दुधाचं असं काही होत नाही, कारण धरून ठेवायला पुरेशी प्रथिनंच नसतात. त्यांचं दही म्हणून जे विकतात ते स्टार्च किंवा पेक्टिन घालून घट्ट केलेलं असतं.

बदामाच्या दुधाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. घटकांच्या यादीत बदामाचं प्रमाण पाहा: बहुतेक वेळा 2 ते 3 टक्के. म्हणजे लिटरभर खोक्यात साधारण 25 ग्रॅम, जवळजवळ वीस बदाम, बाकी पाणी आणि ते पातळ वाटू नये म्हणून गेलन गम. कॅलरी कमी हव्या असतील तर ठीक. दुधाची जागा हे घेत नाही. मूठभर बदाम नुसते खाल्ले तर जास्त पदरात पडतं. नारळाचं आणि तांदळाचंही तेच. त्यात नारळाची बहुतेक चरबी संपृक्त, आणि तांदळाच्या दुधात आर्सेनिकचा अंश येऊ शकतो म्हणून लहान मुलांना ते दुधाऐवजी देऊ नये. मुळात एक वर्षाखालच्या बाळाला यातलं कुठलंच दूध मुख्य आहार म्हणून चालत नाही.

ओट्सचं दूध सध्या सगळ्यांत लाडकं, आणि कॉफीत ते खरोखर छान लागतं. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी: 'साखर घातलेली नाही' असं खोक्यावर लिहिलेलं असूनही ते गोड असतं. ओट्समधला स्टार्च एन्झाइम वापरून फोडतात आणि त्यातून माल्टोज तयार होतं. पोषणतक्त्यात साखर 3-4 ग्रॅम दिसते ती हीच, आणि ती रक्तात भराभर चढते. मधुमेह असलेल्यांनी पुढची जाहिरात सोडून मागचा तक्ता वाचावा. प्रथिनं 1 ग्रॅमच्या आसपास.

कॉफीत दूध फाटतं, ही नेहमीची तक्रार. कपात आधी बारीक पांढरे कण फिरताना दिसतात, मग त्यांचे पुंजके होऊन वर तरंगतात. कॉफी आम्लधर्मी असते, त्यात ती उकळती असली की सोयाची प्रथिनं गोळा होतात. उपाय साधा आहे: दूध आधी वेगळं कोमट करून कपात घ्यावं आणि कॉफी त्यावर हळूहळू ओतावी. कडक भाजलेल्या बियांची कॉफी कमी आंबट असते, तिच्यात त्रास कमी होतो. 'बरिस्ता' नावाच्या खोक्यांत डायपोटॅशियम फॉस्फेट घातलेलं असतं ते आम्लता सांभाळायला, आणि जादा तेल असतं ते फेस टिकायला. स्वयंपाकाला त्याचा काही खास उपयोग नाही. उलट फाटण्याचा गुण केकमध्ये कामी येतो: एक कप सोया दुधात चमचाभर व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवलं की ताकाची सोय होते.

आता बारीक अक्षरं. कॅल्शियम 100 मिलीत 120 मिलिग्रॅम असेल तर ते गाईच्या दुधाच्या बरोबरीचं. बी-12 बऱ्याच खोक्यांत 0.38 मायक्रोग्रॅम असतं. पाव लिटरच्या पेल्यातून जेमतेम 0.95 मिळतं, आणि प्रौढांची रोजची गरज 2.4 च्या घरात. म्हणून व्हीगन माणसाने केवळ खोक्याच्या भरवशावर राहू नये, गोळी घ्यावीच. आयोडीनही बघावं, ते बऱ्याचदा घातलेलंच नसतं. 'सेंद्रिय' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या खोक्यांत पुष्कळदा कॅल्शियम-जीवनसत्त्वं काहीच मिसळलेली नसतात. महाग घेऊन पोषण कमी, असा हा व्यवहार.

जीवनसत्त्व डी 'डी2' असेल तर प्रश्न नाही. 'डी3' बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलापासून काढलेलं असेल तरच ते व्हीगन. दूधविरहित म्हणून मिळणाऱ्या कॉफीच्या पांढऱ्या भुकटीत 'सोडियम केसिनेट' दिसलं तर ते दुधाचंच प्रथिन आहे, दूध न घेणाऱ्या कुणालाच चालणारं नाही. 'दुधाचा अंश असू शकतो' ही सूचना मात्र ॲलर्जीवाल्यांसाठी असते. कारखान्यात एकाच यंत्रावर दोन्ही माल निघतात एवढाच तिचा अर्थ, माल व्हीगन नाही असा नव्हे.

कच्चंच खाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी या फळीकडे फिरकू नये, खोक्यातलं जवळपास सगळं दूध उच्च तापमानाला तापवलेलं असतं. त्यांनी बदाम 8 तास भिजवून घरीच वाटावेत. सोया मात्र कच्चं चालत नाही: त्यातले ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) रोखणारे घटक पचन बिघडवतात, म्हणून घरचं सोया दूध उकळी आल्यावर आणखी 15-20 मिनिटं मंद आचेवर ठेवावं लागतं. पातेलं मोठं घ्या, फेस खऱ्या उकळीच्या आधीच भसकन वर येतो.

खोका ओतण्याआधी दर वेळी खळखळून हलवावा. घातलेलं कॅल्शियम खडूच्या पुडीसारखं तळाशी बसतं. संपलेला खोका कापून पाहिला तर कोपऱ्यांत पांढरा थर चिकटलेला सापडतो. न उघडलेला महिनोन्‌महिने बाहेर राहतो, पण एकदा उघडला की फ्रिजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवावा. तोंडावर तारीख लिहून ठेवलेली बरी, कारण ओट्सचं दूध नासलं तरी दुधासारखा वास लगेच येत नाही.