पाटी नसलेलं दुकान, पाचात सव्वाचार गुण

चप्पल-बूट दुरुस्तीच्या या दुकानाला नाव नाही, त्यामुळे मोबाइलवर शोधून सापडणार नाही. माटुंगा रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरा, लेडी जमशेदजी रोडच्या दिशेने चालू लागा आणि कोणालाही विचारा, बूटवाले मामा कुठे बसतात. पत्र्याचा स्टॉल, वर निळी ताडपत्री, आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच जागा. गटई कामगारांना सरकारी योजनेत पत्र्याचे स्टॉल मिळतात, त्यातलाच हा. बाहेर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आणि दोन रबरी स्लिपर, एकमेकींच्या जोडीच्या नसलेल्या. आपली चप्पल होईस्तोवर त्या घालून बसायचं.

मी तिथे पंचवीस वर्षं जाते. पण चपलेचा अंगठा तुटला, पर्सची चेन अडकली, छत्रीची काडी निघाली, एवढ्यापुरतंच. मामा काय चीज आहेत ते मला कळलं आमच्या वरच्यांमुळे.

वरचे म्हणजे भाडेकरू. सासूबाईंची दुसऱ्या मजल्यावरची जागा दोन वर्षांपूर्वी एका इंग्रज जोडप्याला दिली. तो न्यूकॅसलचा, नोकरी बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. ती घरून काम करते. मला 'काकू' म्हणतात, ह्यांना 'काका', आणि दोघांनाही 'नमस्कार' एवढ्या जोरात करतात की जिना दणाणतो. पहिल्याच ऑक्टोबरात ती मला म्हणाली, आता आमचा आवडता ऋतू. त्यांच्याकडे पानं पिवळी होऊन गळतात, महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात, मग संध्याकाळी पाचलाच अंधार. मी म्हटलं, बाई गं, इथे पाऊस गेला की वारं जमिनीकडून सुटतं, समुद्रावरचं वारं यायला दुपार होते आणि पारा 35 च्या वर. शरद म्हणजे आमच्याकडे कोजागिरीचं दूध, आणि उरलेला महिना घाम. तिने लोकरीचा मफलर आणला होता. तो दोन वर्षं सोफ्याच्या पाठीवर टाकलेला आहे.

तर ही दोघं शनिवार-रविवार घरात टिकत नाहीत. न्यूकॅसल ते साउथ शील्ड्स अशी 'ग्रेट नॉर्थ रन' नावाची हाफ मॅरेथॉन 1981 पासून आहे, सप्टेंबरात असते. तिथे धावणारे पुष्कळजण कुठल्यातरी संस्थेसाठी धावतात. ऑफिसात, शेजारीपाजारी हात पसरायचा: मी 21 किलोमीटर धावणार, तुम्ही काय देता? आमच्याकडे वर्गणी मागणारा निदान मंडप तरी घालतो. हा नुसता धापा टाकतो! मुंबईत येऊनही सवय सुटलेली नाही. जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी ऑक्टोबरात पहाटे पाचला सुरू. हाफ मॅरेथॉन गेली काही वर्षं माहीमच्या रेतीबंदरावरून सुटते, म्हणजे आमच्या दारातूनच म्हणा ना, आणि एरवी जिथे पायी पाऊल टाकता येत नाही त्या सी लिंकवरून जाते. मधल्या रविवारी मुलांच्या संस्थांसाठी निधी जमवायचे रग्बीचे, फुटबॉलचे सामने. मला ते श्रीमंतांचे चोचले वाटायचे. मग वरच्याने 'मॅजिक बस'ची गोष्ट सांगितली. मॅथ्यू स्पेसी नावाचा इंग्रजच, नोकरीनिमित्त इथे आलेला, बॉम्बे जिमखान्यावर रग्बी खेळायचा. बाहेरून बघत उभ्या राहणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांना त्याने खेळायला घेतलं आणि त्यातून 1999 मध्ये संस्था उभी राहिली. ही गोष्ट त्याने माझ्याकडून 500 रुपये काढताना सांगितली. पावती दिली, हे नमूद करते. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत, पावतीशिवाय पैसे सुटत नाहीत.

आता बूट.

गेल्या सप्टेंबरात तिने धावण्याचे बूट चिखलाने भरले म्हणून मोबाइलवरून बूट धुवायला नेणारी एक सेवा बोलावली. 599 रुपये. सहा दिवसांनी बूट आले ते कापडी पिशवीत, अत्तराचा वास मारत, पांढरेशुभ्र. रविवारी वरळी सी फेसपर्यंत जाऊन परत फिरली आणि उजव्या बुटाच्या तळाचा पुढचा पट्टा जिभेसारखा लोंबायला लागला. बहुतेक सुकवताना उष्णता जास्त दिली. त्या सेवेचं म्हणणं, तळ आधीपासूनच सुटलेला होता. फोटो पाठवा, तक्रार क्रमांक घ्या, 48 तास थांबा. ती थांबली. मी नाही थांबले. जिन्यातून बूट उचलला आणि मामांकडे नेला.

मामांनी आधी तळ बघितलाच नाही. आतली गादी उपसून काढली, खालचा फोम अंगठ्याने दाबला, सोडला, परत दाबला. "ताई, तळ चिकटवून देतो. पण हा फोम मेलाय. चालायला घाल म्हणावं. पळायला नको, गुडघा जाईल." 120 रुपये घेतले. धावण्याचा बूट साधारण 500 ते 800 किलोमीटरला बाद धरतात, हे मला वरच्याने नंतर सांगितलं. तिचा मोबाइल म्हणत होता 910. मामांनी अंगठ्याने सांगितलं.

त्यानंतर त्याचा रग्बीचा बूट. दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. सामना निधीचा, दोन्ही बाजू एकमेकांना भिडल्या, पहिल्याच रेट्याला तळ मैदानात राहिला आणि साहेब पुढे गेले. सोमवारी लंगडत आला, म्हणाला, काकू, मामा? पण सोमवारी मामा बंद असतात. मंगळवारी मी त्याच्याबरोबर गेले, दुभाषा म्हणून, आणि स्टूलावर बसून सगळं काम बघितलं.

दुसऱ्या बुटाचा अर्धवट चिकटून राहिलेला तळ मामांनी पूर्ण उपटला. वरचा अक्षरशः कळवळला. जुनं सोल्युशन राहिलं तर नवं धरत नाही, असं मामांचं म्हणणं. रापीने, म्हणजे चांभाराच्या सुरीने खरवडलं, मग कानशीने दोन्ही अंगं घासून खडबडीत केली. डब्यातलं सोल्युशन बोटभर रुंदीच्या ब्रशने दोन्हीकडे लावलं आणि बूट बाजूला ठेवून दिला. मला वाटलं, विसरले. पंधरा मिनिटांत एका शाळकरी मुलीची सँडल शिवून झाली, चहा झाला. मग बोट लावून बघितलं. बोटाला चिकटायचं थांबलं होतं. तेव्हा कुठे तळ टाचेकडून सरकवत बसवला आणि लोखंडी साच्यावर उलटा ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकला. ओलं असताना जोडलं तर आठ दिवसांत सुटतं, घाई करणारे तिथेच चुकतात. शेवटी आरी, म्हणजे टोकाला आकडा असलेला टोचा. आरीचं टोक वरून आत, आतल्या दोऱ्याचा फास आकड्यात धरून वर, त्यातून दुसरा दोरा, ओढ. मेण लावलेला नायलॉनचा दोरा, टाका बोटाच्या पेराच्या निम्म्याहून लहान, दोन्ही बुटांना सगळ्या कडेने. दोन्ही बुटांचे मिळून 300. तो बूट चार सामने खेळला. अजून एक टाका उसवलेला नाही.

फक्त दोरा विटकरी होता, बूट पांढरे. मी विचारलं तर म्हणाले, "मैदानात कोण बघतंय?" वरच्याला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मामांनी त्याला आपल्या चहातला अर्धा दिला.

पण मी हे लिहायला बसले ते तिसऱ्या बुटांमुळे. तिचे डोंगरात चालायचे बूट, जाड तळाचे, महागडे, तिकडून आणलेले. पावसाळाभर खोक्यात नीट गुंडाळून ठेवले होते. दसऱ्यानंतर एका ट्रेकला निघायचं म्हणून काढले. माणशी इतके पैसे जमवून एका शाळेला द्यायचे, असा तो ट्रेक. तिने बूट घालून गॅलरीत चार पावलं टाकली आणि फरशीवर काळा चुरा. मामांनी तो तळ नखाने टोकरला, पाव कुसकरावा तसा कुसकरला. "बिस्किट झालंय."

नंतर वरच्याने वाचून सांगितलं. अशा बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं, हवेतल्या दमटपणाने ते आतून तुटत जातं. धावण्याच्या बुटांत बहुतेक ईव्हीए नावाचा फोम असतो, त्याचं असं होत नाही. म्हणजे जपून खोक्यात ठेवले तरी मुंबईची हवा खोक्यात शिरतेच. मामांना यातलं एकही नाव ठाऊक नाही, पण कुठला तळ बिस्किट होतो आणि कुठला होत नाही हे ते हातात घेऊन सांगतात.

तिने विनवणी केली. मोडक्या मराठीत 'मामा, प्लीज, रविवार आहे' वगैरे. कितीही पैसे देते म्हणाली. मामांनी बूट खाली ठेवला. "वर नवा तळ चिकटवून देईन, दिसायला झकास दिसेल. डोंगरावर गळला म्हणजे? हिचा पाय मुरगळला तर कोण बघणार तिथे?" अख्खा तळ बदलायचा तर ठक्करबाप्पा कॉलनीत माल मिळतो, पण हा साचा मिळणार नाही, हेही सांगितलं. पाच मिनिटं बूट तपासला त्याचे पैसे घेतले नाहीत. 599 रुपयांच्या सेवेने हाच बूट आनंदाने नेला असता, अत्तर मारून परत दिला असता. ती दादरहून साधे बूट घेऊन ट्रेकला गेली आणि धडधाकट परत आली.

आता पाऊण गुण का कापला ते. वेळ पाळत नाहीत. 'संध्याकाळी देतो' म्हणजे परवा. पावती नाही, तळावर खडूने खूण करतात आणि ती खूण फक्त त्यांनाच वाचता येते. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, लग्नाच्या चपलांचा ढीग असतो. सोल्युशनचा वास डोक्यात जातो, दम्याच्या माणसाने स्टूलावर बसू नये. मोबाइलने पैसे चालतात, तो बोलका डबाही आहे, पण आवाज मामांनी एवढा मोठा ठेवलाय की तुम्ही किती दिले ते अख्ख्या गल्लीला कळतं. रंगाचा आग्रह असेल तर दोरा घरून न्या.

अंगठे-पट्टे मात्र ते हातात असेल ते बाजूला ठेवून लगेच करून देतात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. माझ्या कोल्हापुरीचा अंगठा मंगळवारी देणार होते. आज शनिवार. मघाशी विचारायला गेले तर स्टॉलवर गर्दी, ज्या साध्या चपला घालून गेले होते त्यांचाही पट्टा वाटेत तुटला, त्याही मामांनी ठेवून घेतल्या. घरी आले ती रबरी स्लिपर घालून, एक निळी, एक तपकिरी. जिन्यात वरची भेटली. पायांकडे बघून म्हणाली, "काकू, उद्या?"

सोमवारी बंद असतात, म्हणून मीही उद्या सकाळीच जाणार आहे.