फ्लेमिंगोवाल्या लेन्सवर स्वस्त क्लोज-अप फिल्टर: +१, +२, +४, +१० सेटचा रिव्ह्यू

ठाणे-नवी मुंबईत साधा डीएसएलआर असलेल्या बऱ्याच जणांच्या बॅगेत किट लेन्सच्या जोडीला ५५-२५० नाहीतर ७०-३०० मिमीची टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स) असते. ती घेतलेली असते खाडीवरच्या फ्लेमिंगोंसाठी. पाऊस तोंडावर आला की पक्षी निघून जातात आणि लेन्स कपाटात जाते, ती थेट पुढच्या हिवाळ्यापर्यंत. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात रस्त्याकडेला तेरडा, सोनकी, कोळी, नाकतोडे यांची जत्रा भरते ती मात्र याच मधल्या काळात. मॅक्रो लेन्सची (अगदी जवळून, मोठे फोटो काढणाऱ्या लेन्सची) किंमत ऐकून गप्प बसणाऱ्यांसाठी हा चार काचांचा सेट आहे, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या भिंगांचा. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. घ्यावा का? घ्यावा. पण बहुतेक जण तो चुकीच्या लेन्सवर लावतात आणि मग फिल्टरला नावं ठेवतात.

आधी आकडे समजून घ्या. फिल्टरवरचा आकडा म्हणजे डायॉप्टर, भिंगाची ताकद. १००० ला त्या आकड्याने भागलं की फिल्टरची फोकल लांबी मिलिमीटरमध्ये मिळते: +२ म्हणजे ५००, +४ म्हणजे २५०, +१० म्हणजे १००. लेन्स अनंतावर फोकस केली तर फिल्टरपासून बरोबर तेवढ्याच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते, मग लेन्स कुठलीही असो. वस्तू किती मोठी दिसणार, ते मात्र लेन्सवर ठरतं. लेन्सच्या फोकल लांबीला फिल्टरच्या फोकल लांबीने भागा. ५५ मिमीवर +४ लावला तर ०.२२ पट, म्हणजे सेन्सरवरचं चित्र वस्तूच्या खऱ्या आकाराच्या ०.२२ पट. तोच फिल्टर २५० मिमीवर लावला तर पूर्ण १ पट, आणि अंतर दोन्हीकडे तेच २५ सेंमी.

आता गंमत बघा. कॅननची १८-५५ एसटीएम कुठल्याही फिल्टरविना, २५ सेंमीवरून ०.३६ पट देते. म्हणजे साधारण ६ सेंमी रुंदीची वस्तू फ्रेमभर येते. त्या लेन्सवर +१ आणि +२ लावून हाती फारसं काही लागत नाही. +१० लावला तर मोठेपणा मिळतो, पण वस्तू १० सेंमीच्याही आत येते, लेन्सची सावली तिच्यावर पडते आणि किडा केव्हाच उडून गेलेला असतो. शिवाय एकाच काचेच्या इतक्या जाड भिंगातून कडा दुधाळ आणि जांभळ्या-हिरव्या दिसतात. सेटमधला सगळ्यात आकर्षक वाटणारा +१० हाच सगळ्यात कमी कामाचा.

कामाचा आहे तो +२, आणि तोही २०० ते २५० मिमीवर. अर्धा मीटर अंतर मिळतं, साडेचार सेंमी रुंदीची फ्रेम मिळते, कोळी जाळ्यातून हलत नाही आणि चतुर पानावर बसून राहतो. फोकल लांबी जास्त असल्यामुळे पाठीमागचं हिरवंही सुंदर विरघळतं. +४ लावायचा असेल तर झूम १०० ते १३५ मिमीच्या दरम्यान ठेवा. २५० मिमीवर +४ ने आकाराने १ पट मिळतं खरं, पण एका काचेला ते झेपत नाही. चित्र धुरकट होतं. कॅनन स्वतःच्या दोन काचा जोडलेल्या फिल्टरांबाबतही हीच विभागणी सांगते: २५०डी हा ५० ते १३५ मिमीच्या लेन्सांसाठी, ५००डी हा ७० ते ३०० साठी. (जुन्या बाजारात ‘५००डी’ शोधलंत तर त्याच नावाचा कॅमेराच समोर येईल, तेव्हा ‘क्लोज-अप लेन्स’ असं स्पष्ट विचारा.)

कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम असेल तर तिच्यावर +४ छान चालतो. ही लेन्स एरवी जेमतेम ०.२१ पट देते. +४ लावून लेन्स जवळात जवळच्या फोकसवर नेली की साधारण ०.४५ पट, म्हणजे ५ सेंमीची फ्रेम. घरून दागिने, राख्या किंवा क्रोशाच्या वस्तू विकणाऱ्यांना खिडकीजवळ एवढं पुरेसं आहे.

साइज घेताना घाई नको. कॅननच्या १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० या दोन्हींना ५८ मिमी फिल्टर लागतो, ५० एसटीएमला ४९. म्हणून सेट ५८ चा घ्या आणि ४९-५८ ची स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी) वेगळी घ्या. निकॉनच्या १८-५५ मध्ये जुनीला ५२ आणि एएफ-पी ला ५५ लागतो, ७०-३०० एएफ-पी डीएक्स ला ५८. लेन्सच्या पुढच्या कडेवर व्यासाचं चिन्ह आणि आकडा असतो, तो वाचूनच ऑर्डर द्या. मुंबईच्या बोराबाजारात जाऊन घेणार असाल तर दुकानातच काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. प्रतिबिंब जांभळट किंवा हिरवट दिसलं तर कोटिंग आहे, पांढरंफटक दिसलं तर नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. कोटिंग नसलेली काच उन्हाकडे तोंड केलं की सगळा काळा रंग राखाडी करून टाकते. अशा काचेला हूड (तिरपं ऊन अडवणारी कड) हवाच. मग फिल्टर कानाजवळ हलवून बघा. खुळखुळला तर काच रिंगमध्ये सैल आहे, बदलून घ्या.

वापरताना ऑटोफोकस बंद. तो पुढे-मागे घरघरत राहतो आणि क्षण जातो. लेन्स मॅन्युअलवर, फोकस अनंताजवळ, मग कॅमेऱ्यासकट आपणच इंच-इंच पुढे सरकायचं. डोळा स्पष्ट झाला की श्वास रोखून तीन-चार फ्रेम मारायच्या. लाइव्ह व्ह्यू ५ पट मोठा करून एकदा खात्री करा. अॅपर्चर एफ/८ ते एफ/११. त्याहून उघडं ठेवलं की एका काचेचे सगळे दोष वर येतात. ०.५ पटीला एफ/८ वर स्पष्ट पट्टा दीड मिलिमीटरच्याही आत असतो, म्हणून फुलपाखराचे मिटलेले पंख सेन्सरला समांतर येतील असे उभे राहा. कोपरे या फिल्टरांत कायम मऊच राहतात. विषय मधोमध ठेवा आणि नंतर क्रॉप करा.

फिल्टरने प्रकाश कमी होत नाही. एक्स्टेन्शन ट्यूबपेक्षा (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळीपेक्षा) ही मोठी सोय आहे. तरी ढगाळ जंगलात एफ/११ ला फ्लॅश लागतोच. कॅमेऱ्याचा पॉप-अप फ्लॅश नुसता मारला तर लांब लेन्सची सावली फ्रेमच्या खालच्या भागात पडते आणि ओल्या पानावर पांढरा डाग येतो. थर्माकोलच्या ताटलीला मधोमध भोक पाडा, ती लेन्सच्या तोंडाशी बसवा, फ्लॅशसमोर बटर पेपर चिकटवा. १/२०० शटर, आयएसओ २०० ते ४०० पासून सुरुवात करा. शेवाळावरचा थेंबही मग मऊ उजेडात दिसतो.

दोन फिल्टर एकावर एक लावायचे तर जास्त आकड्याचा लेन्सच्या बाजूला. तीन कधीच नको. रिंग अडकली तर जोर लावू नका, तिच्याभोवती रबर बँड गुंडाळून फिरवा. एसी गाडीतून उतरल्यावर दोन काचांमध्ये वाफ धरते. काचा बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत बॅग बंदच ठेवा, मगच जोडा. सेटसोबतच्या कापडी पाऊचमध्ये पावसाळाभर काचा ठेवल्या तर बुरशी येईल. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं कराच.

कडांवरची जांभळी रेघ रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) शूट केलं तर डार्कटेबलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बरीचशी निघते.

पावसानंतर ठाण्याच्या ओवळेकर वाडी फुलपाखरू बागेत सकाळी लवकर जा. ऊन चढण्याआधी हळदीकुंकू फुलपाखरू पंख मिटून बसलेलं असतं आणि अर्ध्या मीटरवरून +२ ने त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूची पिवळी-लाल नक्षी स्पष्ट टिपता येते. निलवंत हे फुलपाखरू मोठं आहे, त्याला फिल्टर काढून नुसती टेलिझूमच वापरा.

पैसे जास्त असतील तर सेटऐवजी रेनॉक्स डीसीआर-१५० घ्या. +४.८ चा, तीन काचांचा, ५२ ते ६७ मिमीच्या कुठल्याही लेन्सवर चिमट्याने बसणारा. चित्र कोपऱ्यापर्यंत स्वच्छ येतं. बजेट हजाराचंच असेल तर हा सेट घ्या, त्यातला +२ टेलिझूमवर चढवा आणि +१० पाऊचमध्येच राहू द्या.