नैरोबीत मुक्काम: वेस्टलँड्स की कॅरेन?

मुक्काम दोन रात्रींचा आणि ओढ प्राण्यांची असेल, तर सरळ कॅरेन गाठा. जिराफ केंद्र, हत्तींच्या पिल्लांचं अनाथालय आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यान, तिन्ही याच बाजूला. पिल्लांना बाटलीनं दूध पाजताना पाहायची वेळ फक्त सकाळी ११ ते १२, तीही आगाऊ नोंदणी करूनच. वेस्टलँड्सहून निघून वाटेत गर्दीत अडकलात, तर हा तास हातचा जातो. उद्यानात मात्र सकाळी ६ लाच शिरा. ऊन चढलं की सिंह झुडपात पडून राहतात.

वेस्टलँड्सची जमेची बाजू वेगळी. २०२२ साली सुरू झालेला एक्स्प्रेसवे विमानतळाजवळून थेट इथवर येतो, टोल भरायची तयारी हवी. राष्ट्रीय संग्रहालय आणि करुरा जंगल जवळ. शेजारच्या पार्कलँड्समध्ये भारतीय वस्ती जुनी, त्यामुळे शाकाहारी जेवणाची चिंताच नाही. कॅरेनमध्ये जेवायलाही टॅक्सी लागते.

दोन्हीकडे स्वेटर हवाच: शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, जुलैत रात्री चांगलंच गारठतं. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा घरीच काढून ठेवा, केनियात २०१७ पासून बंदी आहे.