घरात दोन राउटर: ब्रिज मोड की ॲक्सेस पॉइंट?

फायबरचं कनेक्शन घेतलं की नेटवाला एक डबा लावून जातो. मॉडेम, राउटर, वाय-फाय सगळं त्यातच. कोथरूडच्या दोन खोल्यांना तो पुरतो. सदाशिव पेठेतल्या जाड भिंतींच्या घरात किंवा बाणेरच्या मोठ्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत रेंज जात नाही, म्हणून आपण स्वतःचा राउटर आणतो. मग प्रश्न येतो: नॅट कोणी करायचं? म्हणजे घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना बाहेरच्या एकाच आयपी पत्त्यावरून कोणी चालवायचं?

बहुतेक घरांत हे ठरवलंच जात नाही. नव्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत येतं त्या खाचेत) केबल खोचली, नेट चालू झालं, विषय संपला. दोन्ही डबे नॅट करत राहतात. व्हिडिओला त्याने फरक पडत नाही, पण जुन्या वाय-फायवरच्या फोनला नव्या राउटरवरचा प्रिंटर सापडत नाही, गेमिंग कन्सोल तक्रार करतो, आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून घरातल्या एखाद्या यंत्रापर्यंत वाट उघडणं, दोन ठिकाणी करावं लागतं. हा पर्याय मी कोणालाच सुचवणार नाही.

ॲक्सेस पॉइंट मोड सगळ्यात सोपा. राउटिंग नेटवाल्याचाच डबा करतो, तुमचा राउटर फक्त वाय-फाय पसरवतो. मेनूत हा मोड नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, मुख्य डब्याच्याच रांगेतला पण वेगळा ठेवा, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) लावा. हिंजवडीच्या ऑफिसचं काम घरून, मुलांचा अभ्यास, टीव्ही, एवढंच असेल तर इथेच थांबा. एक उणीव आहे: मुलांसाठीची वेळमर्यादा किंवा पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय या सोयी बऱ्याच राउटरवर या मोडमध्ये चालत नाहीत.

ब्रिज मोडमध्ये उलटं. नेटवाल्याचा डबा नुसता मॉडेम उरतो. लॉगिन, नॅट, फायरवॉल सगळं तुमच्या राउटरकडे. मला हा मनापासून आवडतो, कारण उद्या कंपनी बदलली तरी घरातलं नेटवर्क जसंच्या तसं राहतं. पण त्याआधी नेटवाल्याकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायची पद्धत) युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (त्या लाइनवरच्या नेटला दिलेला क्रमांक) लिहून घ्या. पीपीपीओईवर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) साधारणपणे १४९२ बाइट असतो. १५०० ठेवला तर काही साइट अर्धवट उघडतात. त्याच डब्याला लँडलाइन जोडलेली असेल तर ती चालू राहील का, हेही विचारा.

परदेशातल्या मुलांना घरचा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा) दिसावा म्हणून ब्रिज करणार असाल तर आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर कंपनी स्वतःच आणखी एक नॅट करते आहे. तिथे ब्रिज मोडनेही पोर्ट उघडणार नाही. मग पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, इंटरनेटवरून थेट पोचता येणारा पब्लिक पत्ता) घ्यावा लागतो, किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून घरापर्यंतची खाजगी, सुरक्षित वाट) वापरावं लागतं. पब्लिक पत्ता मिळत असला तरी मी व्हीपीएनच निवडेन. डीव्हीआरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा ठेवणं धोक्याचं आहे.

ब्रिज करायचा ठरलाच तर जुन्या डब्याच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मोड बदलल्यावर ती पानं अनेकदा पुन्हा उघडत नाहीत.